अकरा पिल्लं कुणाच्या नावावर?

माझ्या निरोप समारंभात मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नोकरीची टिकाऊ खूण मला त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. ती माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा व्रण. नातवंडं विचारतात, "आजोबा, इथं काय लागलं?" मी सांगतो, कोंबडीनं टोचलं. त्यांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय.

गोष्ट सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी मूळचा राहात्याकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. उसाच्या सरीत पाय ओले करत शाळेत गेलेला. नोकरी लागली ती मात्र पाथर्डी तालुक्याच्या कोरड्या अंगाला. तिसगावला एक खोली घेतली आणि आसपासच्या आठ गावांत सायकलवर फिरायला लागलो. ज्या गावची ही हकिकत आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक अजून मला तिसगावच्या बाजारात गाठतात आणि चार माणसांत कोंबडीचा विषय काढतात.

माझं पद होतं युवक मंडळाचा संघटक. बाहेरच्याला हे काम काय ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. मलाही पहिले सहा महिने कळलं नव्हतं. गावात तरुण पोरांचं मंडळ काढायचं. प्रत्येक सभासदानं स्वतःच्या हातानं एक काम करायचं, मग ती परसातली भाजी असो, रोपं असोत की कोंबड्या असोत. त्या कामाची वही ठेवायची, आठवड्याला एकत्र बसायचं आणि जे जमलं, जे फसलं ते सगळ्यांना सांगायचं. एवढं साधं. वरून हुकूम मात्र एकच यायचा: सभासद वाढवा. तेव्हा मी एक सुंदर रजिस्टर केलं. नाव, वय, काम, कामाचं फळ असे चार रकाने. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी नाही, माझे सगळे साहेब म्हणायचे. मी कधी शब्द खोडला नाही की शाईचा डाग पडू दिला नाही. तरण्या वयात माणसाला कशाचा ना कशाचा ताठा असतोच, मला रजिस्टरचा होता.

पहिल्याच सभेला बावीस नावं मिळाली. मी हवेत! तिसगावला परतताना सायकल चालवतोय की विमान, तेच कळेना. पुढच्या सभेला मी, घोंगडी आणि कंदील. माणूस नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, पाऊस ओढ देत होता, रस्त्याची खडी फोडायची सरकारी कामं निघणार अशी आवई होती आणि माझं रजिस्टर त्याचंच आहे समजून पोरांनी नावं दिली होती. काम निघालं नाही, तशी पोरं फिरकली नाहीत.

मग मी व्हॉलीबॉलची जाळी आणली. पोरं आली, खेळली. मी भाषणाला उभा राहिलो की चेंडू नेमका माझ्याच अंगावर यायचा. महिन्याभरात जाळी फाटली, आणि एका दुपारी बघतो तर तिच्यात कुणाची तरी शेळी अडकलेली. झालं, कार्यक्रम संपला.

नियमानं येणारा एकच माणूस होता. त्याचं नाव दामूअण्णा आणि वय साठीच्या पुढं. रोज पारावर यायचा, पहिल्या ओळीत मांडी घालून बसायचा आणि भाषण संपलं की म्हणायचा, "भाऊसाहेब, माझं नाव लिवा."

"अण्णा, हे तरुणांचं मंडळ आहे."

"मंग मी काय म्हातारा दिसतो व्हय?"

मी त्याला छापील नियम वाचून दाखवला. गावात राहणारी, बारा ते पंचवीस वयाची कोणतीही व्यक्ती. एकदा नाही, तीन वेळा वाचला. तिसऱ्या वेळी तो चिडला. "नेम तुमचा तुमच्यापाशी ठिवा. पर येक सांगतो, नुसती भाषनं ऐकाया कोन येतंय? पोरांच्या हातात कायतरी द्या की. जित्तं कायतरी द्या."

राग आला, पण डोक्यात किडा वळवळला. राहुरीकडं कोंबडीपालनाचं एक सरकारी केंद्र होतं. तिथं पांढऱ्या विलायती कोंबड्यांची उबवणीची अंडी मंडळांना मिळायची. विलायती कोंबडी अंडी घालते भारंभार, पण अंड्यांवर बसणं तिला माहीत नाही. त्याला आपली गावठीच लागते. गावठी कोंबडी अंडी घालून संपली की खुडूक होते. पिसं फुलवून एका कोपऱ्यात बसते, जवळ गेलं की गुरगुरते, दाणापाण्याचीही तिला शुद्ध नसते. अशा कोंबडीखाली कुणाचीही अंडी ठेवा, ती एकवीस दिवस आपलीच समजून उबवणार. तेव्हा मी दवंडी दिली: मंडळाला वर्गणी नको, अर्ज नको. ज्याच्या घरी खुडूक कोंबडी तो सभासद. तेरा अंडी मंडळ देईल, पिल्लं सभासदाची.

दुसऱ्या दिवशी पारावर नऊ पोरं, प्रत्येकाच्या काखेत एक गुरगुरणारी कोंबडी. दामूअण्णा लांबून बघत होता आणि मिशीत हसत होता.

अंडी आणायला मी स्वतः गेलो. ज्वारीच्या भुशात लावून पाटी भरली आणि राहुरीहून नगर, नगरहून तिसगाव असा एसटीचा प्रवास केला. पाटी मांडीवर. रस्ता काय सांगावा! प्रत्येक खड्ड्याला माझे दात वाजत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू हाय का काय त्यात?" म्हटलं, शंभराच्या वर आहेत. ती उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

गावात पोचलो तो तिसरा प्रहर. नऊ पोरं तयार. मी हुकूम सोडला, "आजच्या आज अंडी बसवा. उशीर नको." एकेकाला तेरा मोजून दिली. बबन नावाचा पंधराएक वर्षांचा, हसऱ्या तोंडाचा एक पोरगा होता. अंडी घ्यायला तो आला तेव्हा त्याच्यामागं त्याची बहीण टोपली घेऊन उभी होती. गिरजा तिचं नाव. त्याच्याहून दीडेक वर्षानं लहान, चौथीतून शाळा सुटलेली. तिनं एक अंडं उचललं, कानापाशी नेलं, हळूच हलवलं आणि मला म्हणाली, "भाऊसाहेब, अंडी दमलीत."

"काय?"

"लांबून आल्यात, दमलीत. येक दिस निजू द्या. मंग बसवू."

मी पोट धरून हसलो. पोरंही हसली. मी ट्रेनिंग घेतलेला माणूस, मला ही चौथी पास पोर शिकवणार! "अंडी दमत नाहीत बाळ, माणसं दमतात. मी दमलोय. जा, आजच बसवा." असं म्हणून मी तिला वाटेला लावलं.

एकवीस दिवसांनी मी घरोघर फिरलो. पहिल्या घरी तेरातून दोन पिल्लं. दुसऱ्या घरी तीन. तिसऱ्या घरी एकही नाही, नुसता घाण वास, आणि पोराची आई माझ्याकडं असं बघत होती की मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. आठ घरं अशीच. पाय ओढत नवव्या घरी, बबनकडं गेलो, तर अंगणात पांढऱ्या पिल्लांचा नुसता गलका. मोजली. अकरा!

"बबन, लेका, काय केलंस रे तू?"

बबन डोकं खाजवत म्हणाला, "येक दिस अंडी निजू दिली, भाऊसाहेब. कनगीच्या आडुशाला, अंधारात."

गिरजा तिथंच कण्या टाकत होती. तिनं वर बघितलं नाही.

प्रवासात हिंदकळलेली अंडी एक दिवस स्थिर ठेवावीत म्हणजे आतलं सगळं पुन्हा जागेवर बसतं, हे पुढं मला केंद्रातल्या लोकांनी सांगितलं. पोर बोलली ते अक्षरशः शास्त्र होतं. पण मी काय केलं? रजिस्टर उघडलं आणि बबनच्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: अकरा पिल्लं. वरच्या अहवालातही बबनचं कौतुक केलं, त्याच्या 'प्रयोगशील वृत्ती'चं. 'अंडी दमलीत' कोण म्हणालं ते मला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण रजिस्टरात तिचं नाव नव्हतं, आणि जे रजिस्टरात नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

दुसऱ्या खेपेला अंडी एक दिवस झोपवली आणि घरोघर पिल्लं झाली. मंडळाची चलती झाली. नावं तीसवर गेली. आणि वरून पत्र आलं: दर मंडळातल्या उत्तम सभासदाला राहुरीच्या केंद्रावर चार दिवस शिबिर. आमच्याकडून अर्थातच बबन.

ही बातमी द्यायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बबन म्हणाला, "यस्टीनं जायचं? धरन दावतील का?" त्याला मुळा धरण बघायचं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नाही. मी निघालो तशी गिरजा वेशीपर्यंत मागं आली.

"भाऊसाहेब, राहुरीला म्हनं यंत्रात पिल्लं काढत्यात? कोंबडी नसतानी?"

"हो. मोठं कपाट असतं. शेकडो अंडी एकदम."

"खरं?" तिचे डोळे असे झाले की मला पुढं सांगावंच लागलं. कपाटातली ऊब, आतले ट्रे, काचेतून दिसणारी पिल्लं. ती श्वास रोखून ऐकत होती. मग म्हणाली, "मला बघायचंय. येकडाव बघायचंय. मी यीऊ का?"

"शिबिर सभासदांचं असतं गं."

"मंग मला करा सभासद."

"तुझं नाव नाही ना रजिस्टरात."

"नाव न्हाई," ती म्हणाली, "पर कोंबडी माझी हाय."

मी सायकलवर टांग टाकली. तरी जाता जाता तिच्या वडिलांच्या, रंगनाथनानांच्या कानावर घातलं. नाना मारुतीच्या देवळापुढं तंबाखू मळत होते. म्हणाले, "पोरीचं नाव लग्नाच्या पत्रिकेत छापायचं असतंय, भाऊसाहेब. सरकारात कशापाई लिवायचं?" मला तेवढंच निमित्त पुरलं. म्हटलं, नानाच नको म्हणतात, मी काय करू.

असे पंधरा दिवस गेले आणि नगरहून मोठे साहेब मंडळ बघायला येणार असं कळलं. त्यांच्याबद्दल ऐकून होतो. कागद बघत नाहीत, काम बघतात. शिवाय कालव्याच्या बाजूची चार गावं आमचं मंडळ, म्हणजे त्याची अंडी आणि मदत, आपल्याकडं पळवायला टपलेली. साहेबांना इथं काम दिसलं नाही तर अंडी बंद, माझी बदली आणि सगळं मुसळ केरात. मी शाळेच्या मैदानात मेळावा ठेवला. सभासदांनी आपापली कोंबडी पिल्लांसकट डालग्यात घालून आणायची, ओळीत मांडायची. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली, उपडी घालतात ती.

वीस डालगी मांडली. वीस पोरं धुतलेले सदरे घालून मागं उभी. गावातल्या बायका-पोरी शाळेच्या भिंतीच्या सावलीत. साहेब आले. ठेंगणे, काळेसावळे, धोतर नसलं तरी शेतकरीच दिसणारे. मी रजिस्टर पुढं केलं. त्यांनी ते काखेत मारलं आणि पहिल्याच पोराला म्हणाले, "कोंबडी काढ बघू बाहेर. पंखाखालची पिल्लं दाखव."

पोरानं डालगं उचललं, हात घातला. "आई गं!" हात बाहेर, बोटाला रक्त.

साहेब दुसऱ्याकडं. त्यानं डोळे मिटून हात घातला. कोंबडीनं त्याचा सदराच धरला. तिसऱ्याला तर त्याच्या कोंबडीनं मैदानभर पळवलं. पिल्लंवाली कोंबडी ओळखीचा हात असला तरच जवळ येऊ देते. परका हात आला की जीव घेते. आणि त्या वीस पोरांपैकी एकाचाही हात त्याच्या कोंबडीच्या ओळखीचा नव्हता! बबनची पाळी आली तेव्हा तो हसत हसत म्हणाला, "साह्येब, पुढच्याला इचारा." आता इज्जतीचा प्रश्न. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, "अरे, अशी धरायची असते," आणि बबनच्या डालग्यात हात घातला. तीच ही खूण. मी केकाटलो, ते म्हणे वेशीबाहेर ऐकू गेलं.

मैदानात हशा. दामूअण्णा तर खाली बसला हसून हसून. साहेब हसत नव्हते.

तेवढ्यात भिंतीच्या सावलीतून गिरजा उठली. सरळ आली, डालग्यापाशी उकिडवी बसली, जीभ टाळूला लावून कसलासा 'टक टक' आवाज केला. एक हात कोंबडीच्या छातीखाली, दुसरा पाठीवर. कोंबडी मांजरासारखी उचलून कडेवर घेतली. पिल्लं तिच्या पायाशी. मग भिंतीपासून दुसरी पोरगी आली, तिसरी आली. बघता बघता वीस कोंबड्या वीस पोरींच्या कडेवर.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

इथं खरं बोलायला काय हरकत होती? पण रजिस्टर साहेबांच्या काखेत होतं, आणि त्यात एकही पोरगी नव्हती. अंगठ्याचं रक्त पुसत मी म्हणालो, "सभासदांच्या बहिणी, साहेब. मदतीला आल्यात."

गिरजानं माझ्याकडं बघितलं. फार नाही, क्षणभर. मग कोंबडी खाली सोडली, परकराला हात पुसले आणि म्हणाली, "मंग झाली मदत. जाते मी." तिच्यामागं एकोणीस पोरींनी एकोणीस कोंबड्या जमिनीवर सोडल्या आणि त्या चालू लागल्या.

पुढचं काय वर्णावं! वीस कोंबड्या, दोनशेच्या आसपास पिल्लं, मोकळं मैदान. पोरं कोंबड्यांमागं, कोंबड्या पोरांमागं. एक पिल्लू साहेबांच्या बुटावर बसलं. एक कोंबडी शाळेत शिरून टेबलावर चढली. शाळेच्या शिक्षिका मेरीबाई, एरवी फार शिस्तीच्या, पदरानं पिल्लं गोळा करत होत्या. मी मैदानाच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, "गिरजा! थांब!"

ती थांबली. मागं वळली नाही.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मी खोटं बोललो. मदतनीस ही पोरं आहेत. काम या पोरींचं आहे. अंडी दमतात हे मला हिनं सांगितलं, मी हिला हसलो आणि श्रेय हिच्या भावाला दिलं. माझं रजिस्टर बघू नका. त्यात अक्षर तेवढं चांगलं आहे."

साहेबांनी काखेतलं रजिस्टर काढलं. मला वाटलं, आता फाडतात. पण त्यांनी पहिलं पान उघडलं, जिथं मी छापील नियम चिकटवला होता. "वाचा मोठ्यानं."

मी वाचलं. गावात राहणारी, बारा ते पंचवीस वयाची कोणतीही व्यक्ती.

"पोरगी नको, असं कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं लिहिलेलं. दामूअण्णाला तीन वेळा वाचून दाखवताना मी फक्त पंचवीसचा आकडा वाचला होता. अण्णा गर्दीतून ओरडलाच, "मला लई नेम वाचून दावत हुता!"

"लिहा मग," साहेब म्हणाले, "पण आईबापांना विचारून."

सगळं मैदान रंगनाथनानांकडं बघायला लागलं. नाना जमिनीकडं बघत होते. गिरजाची आई, जिचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "लिवा. गिरजा रंगनाथ. वय चौदा."

मी लेखणी उचलून थांबलो. मग नाना खाकरले.

"चौदा न्हाई, तेरा," ते म्हणाले. "आखाडातली हाय ती. नीट लिवा."

मी तेरा लिहिलं. त्यांच्यामागं बाकीचे बाप पुढं आले आणि आपापल्या पोरींची वयं भांडून भांडून बरोबर करून घ्यायला लागले. त्या दिवशी मंडळाचे सभासद तीसचे पन्नास झाले. साहेबांनी पाठ थोपटली. मंडळ गावातच राहिलं, अंडी चालू राहिली. मला मात्र आत कुठंतरी टोचत होतं. नवा माणूस एकही आला नव्हता. जी होती तीच मी आता लिहिली होती.

शिबिराला अजून बारा-तेरा दिवस होते. त्या दिवसांत मी उरलेली सातही गावं पुन्हा फिरलो, रजिस्टर घेऊन; अंड्यांचा बेत तोवर तिथंही पोचला होता. माझी नवी पद्धत अशी: सभासदाच्या घरी जायचं आणि म्हणायचं, "डालग्यात हात घाल." कोंबडी टोचली की विचारायचं, "ही कुणाला टोचत नाही?" मग आतून कुणीतरी लाजत लाजत बाहेर यायचं. बहुतेक बहीण, कधी नवी वहिनी. एका घरी तर आजीच निघाली. तिला नियम वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही. माझे सहकारी मला विचारायचे, तुझे सभासद इतके कसे वाढतात? मी अंगठा दाखवायचो.

शिबिराला आता बबनऐवजी गिरजा जायची होती, पण पोरगी एकटी माझ्याबरोबर कशी जाणार, हा प्रश्न मेरीबाईंनी सोडवला. "मी चार दिवस रजा काढते. मलाही बघायचंय ते कपाट." नानांची शेवटची अडचण संपली. बबन म्हणाला, "जा तू. धरन बघून ये आनि मला सांग." तिसगावच्या स्टँडवर तो पेरू घेऊन आला होता. तिच्याआधी त्यानंच त्यातला एक खाल्ला.

केंद्रावर पोचल्यावर गिरजा चहाला थांबली नाही. यंत्र कुठंय, एवढंच. माणसाहून उंच कपाट, काचेची खिडकी, आत ट्रेवर ट्रे. ती खिडकीला नाक लावून उभी राहिली. मी आणि मेरीबाई मागं. यंत्रावरचा माणूस, पन्नाशीचा, खाकी कपड्यातला, कौतुकानं बघत होता. शेवटी तिनं वळून त्याला विचारलं, "अंडी कोन फिरवतंय?"

तो चकित झाला. मला म्हणाला, "इथं इतके लोक येतात, हे कुणी विचारत नाही." कोंबडी बसल्या जागी चोचीनं अंडी सारखी फिरवत असते, नाहीतर आतला जीव एका बाजूला चिकटतो. त्यानं तिला एक दांडा दाखवला. तो ओढला की सगळे ट्रे कलायचे. "मी फिरवतो. थोड्या थोड्या वेळानं."

"आनि ऊब कमी-जास्त झाली तर?"

"ते पण मीच बघतो. हा काटा आहे ना, तो बघायचा."

"पानी?"

"खाली ताटली आहे, तीही मीच भरतो."

गिरजानं त्याला खालून वर न्याहाळलं आणि खुदकन हसली. "म्हंजे कोंबडी तुमीच की!"

मेरीबाईंना ठसका लागला. तो माणूस इतका हसला की त्याला दांडा धरून उभं राहावं लागलं. पुढचे चार दिवस त्यानं तो दांडा गिरजाच्याच हातात दिला. जाताना तिला निवडून तेरा अंडी दिली. परतीच्या एसटीत पाटी तिच्या मांडीवर होती. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी पाटी उचलून धरायची, थेट नगरपासून तिसगावपर्यंत. मी म्हटलं, मी धरू का? म्हणाली, "नगं. तुमचा हात वळखीचा न्हाई."

गावात पोचलो तेव्हा पारावर मंडळ जमलं होतं. शिबिराची हजेरी लिहायला मी रजिस्टर उघडलं. गिरजा शेजारी येऊन उभी राहिली आणि बोट ठेवून वाचायला लागली. चौथीचं वाचन, अक्षर लावून लावून. स्वतःचं नाव वाचलं. तेरा वाचलं. कामाच्या फळाचा रकाना कोरा होता. मग बोट वर सरकत सरकत बबनच्या ओळीवर गेलं.

"ही अकरा पिल्लं," ती म्हणाली, "माझ्या नावावर करा."

मी म्हटलं, "अगं, आता नावनोंदणी झाली, सगळ्यांना माहीत आहे..."

"मला ठावं हाय सगळ्यांना म्हाईत हाय. कागदाला कुठं म्हाईत हाय?"

त्या रजिस्टरात एकही खोडलेला शब्द नव्हता, हे मी वर सांगितलं. मी लेखणी उचलली. बबनच्या ओळीतल्या 'अकरा पिल्लं'वर आडवी रेघ मारली, जाड, सगळ्यांना दिसेल अशी. गिरजाच्या ओळीत अकरा पिल्लं लिहिलं. बाजूला सही केली. पुढं तपासणीत त्या खाडाखोडीवर लाल शाईनं शेरा आला, मी उत्तर दिलं आणि प्रकरण मिटलं. पण ते नंतरचं. तेव्हा मी शाई वाळायची वाट बघत होतो, आणि बबन खांद्यावरून डोकावत तक्रार करत होता, "आन् मंग माझ्या नावावर काय ऱ्हायलं?"

गिरजानं विचार केला. पहिल्या खेपेच्या तेरा अंड्यांतली अकरा फुटून पिल्लं निघाली होती. दोन उरली होती.

"ती दोन नासकी ऱ्हाऊ द्या त्याच्या नावावर, भाऊसाहेब," ती म्हणाली. "भाऊ हाय माझा."